कठीण सरावानंतर खेळाडू मुलींच्या रक्तात काय बदलतं आणि ते नीट कसं तपासायचं

पुण्यातल्या धावणाऱ्या मुलींच्या रक्ततपासणीचा एक ठरलेला क्रम आहे. पहाटे साडेपाचला वेताळ टेकडी नाहीतर तळजाई, दहा-बारा किलोमीटर पळणं, मग 'उपाशीपोटी द्यायचंय' म्हणून पाण्याचा घोटही न घेता घरी परत. आठ वाजता लॅबचा माणूस येऊन रक्त घेऊन जातो. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो, हिमोग्लोबिन १३.४, घरात सगळे खूश. हीच मुलगी आठवडाभराच्या जोरदार सरावानंतर सुट्टीच्या दिवशी रक्त देते तेव्हा १२.१ येतं आणि घरात बीट-खजुराचा मारा सुरू होतो. दोन्ही आकडे खरे असतात. त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मात्र चुकीचे असू शकतात.

याचं कारण असं, की हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रिपोर्टवर 'पीसीव्ही' असं लिहिलेलं असतं) ही प्रमाणं आहेत. अंगात एकूण तांबड्या पेशी किती आहेत हे त्यातून कळत नाही, ठरावीक रक्तात किती आहेत एवढंच कळतं. आमटी आटली की मीठ वाढत नाही, खारटपणा वाढतो. कठीण सरावात रक्त असंच आटतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उलट पातळ होतं. म्हणून नमुना कधी घेतला, कसा घेतला आणि सोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) किती आहे, हे माहीत नसेल तर हिमोग्लोबिनच्या एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

सरावात नेमकं काय होतं

रक्त किती सहज वाहतं हे चार गोष्टींवर ठरतं: तांबड्या पेशींचं प्रमाण, प्लाझ्माचा, म्हणजे पेशी सोडून उरणाऱ्या द्रवाचा, घट्टपणा (त्यात मुख्य वाटा रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचा), पेशींची लवचिकता आणि पेशींची एकमेकींना चिकटून चळत लावण्याची सवय. ३७ अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणाचं माप, साधारण ०.७ मिलिपास्कल-सेकंद, प्लाझ्माची १.१ ते १.३ आणि वेगाने वाहणाऱ्या पूर्ण रक्ताची ३ ते ४ असते. वाहण्याचा वेग मंदावला की पेशींच्या चळती लागतात आणि हाच आकडा कितीतरी पटींनी चढतो. तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर आणि स्नायूंतल्या केशवाहिन्या बऱ्याच ठिकाणी त्याहून अरुंद. तिथून जाताना पेशीला दुमडावंच लागतं. त्यामुळे पेशी ताठर झाल्या तर हिमोग्लोबिन कितीही चांगलं असो, स्नायूपर्यंत ऑक्सिजन पोचायला अडचण येते.

सनस मैदानावर किंवा बालेवाडीच्या ट्रॅकवर ८०० मीटरचे सहा जोरदार रिपीट (मध्ये थांबून पुन्हा पळायचे तुकडे) मारले, की पहिल्या काही मिनिटांतच प्लाझ्मा कमी व्हायला लागतो. हे घामामुळे होत नाही, घाम नंतर येतो. रक्तदाब वाढतो, स्नायूंत लॅक्टेट आणि इतर पदार्थ साठतात आणि ते रक्तवाहिन्यांतलं पाणी स्नायूंकडे ओढून घेतात. प्लाझ्मा १० ते १५ टक्के, कधी २० टक्क्यांपर्यंत घटतो. पीसीव्ही तीन-चार अंकांनी चढतं, आणि पीसीव्हीच्या प्रत्येक अंकामागे रक्ताचा घट्टपणा साधारण ४ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. फायब्रिनोजेनही त्याच प्रमाणात दाट होतं. आम्ल वातावरणात पेशी थोड्या ताठर होतात, पण नियमित सराव असलेल्या खेळाडूत हा परिणाम कमी दिसतो.

हे ऐकून घाबरायला नको. शरीर हा घट्टपणा बराचसा भरून काढतं. तापमान एक अंशाने वाढलं की रक्त सुमारे २ टक्के पातळ होतं. वेगाने वाहणाऱ्या रक्तात चळती मोडतात. घट्ट रक्त वाहिनीच्या भिंतीला जास्त घासतं, त्या घर्षणाने भिंतीतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिनी रुंदावते. निरोगी, पाणी पिऊन आलेल्या मुलीत सरावातलं रक्त 'घट्ट होणं' हा आजार नाही. त्यात ताप, जुलाब, उपवास किंवा पुरेसं न खाणं यांची भर पडली तर मात्र गणित बिघडतं. निर्जळी उपवासाच्या दिवशी इंटरव्हल, म्हणजे असा तुकड्यातुकड्यांचा जोरदार सराव, ठेवू नका, एवढं साधं पथ्यही पुष्कळ ठिकाणी पाळलं जात नाही.

सराव थांबल्यावर अर्ध्या ते एका तासात बरंचसं पाणी रक्तात परत येतं. पुढच्या २४ ते ४८ तासांत मूत्रपिंड मीठ-पाणी राखून ठेवतं, अल्ब्युमिन (रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन) वाढतं आणि प्लाझ्मा मूळ पातळीच्याही वर जातो. नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला मात्र आठवडे लागतात. म्हणून सरावाचा भार वाढवलेल्या पंधरवड्यात हिमोग्लोबिन घसरलेलं दिसतं. याला स्पोर्ट्स ॲनिमिया म्हणतात. खरं तर हा ॲनिमिया नाहीच, सराव लागू पडत असल्याची ती खूण आहे. रक्त सहज वाहतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं आणि उन्हात घामासाठी पाणी शिल्लक राहतं.

मुलींच्या रक्ताचं वेगळेपण

बायकांचं पीसीव्ही साधारण ३६ ते ४६ असतं, पुरुषांपेक्षा कमी. दर महिन्याला थोडं रक्त जातं आणि नव्या पेशी तयार होतात, त्यामुळे रक्तात तरुण पेशींचा वाटा जास्त असतो. तरुण पेशी जास्त लवचिक असतात, चळतीही कमी लावतात. पाळी येणाऱ्या वयातल्या मुलींचं रक्त पुरुषांच्या रक्तापेक्षा सहज वाहतं.

याची किंमत लोहात मोजावी लागते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त धरतात. अंदाज बांधण्यापेक्षा मोजता येतं: मेन्स्ट्रुअल कपवर मिलिलिटरच्या खुणा असतात, दोन पाळ्यांची नोंद ठेवा. कप वापरत नसाल तर दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं किंवा सात दिवसांहून जास्त स्राव, या खुणा डॉक्टरांना सांगण्यासारख्या आहेत. यात धावण्याचं नुकसान वेगळं. पाऊल आपटून तळव्यातल्या पेशी फुटतात. डांबरी रस्त्यावर आणि उतारावर, विशेषतः सिंहगडावरून पळत उतरताना, हे जास्त होतं. घाम आणि आतड्यांतूनही थोडं लोह जातं.

इथे एक गैरसमज काढायला हवा. 'हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्त पातळ, म्हणजे वाहायला चांगलं' हे लोहाच्या कमतरतेत खरं ठरत नाही. लोहाअभावी तयार झालेल्या पेशी लहान आणि ताठर असतात. रक्त पातळ दिसतं, पण केशवाहिन्यांतून पेशी नीट सरकत नाहीत.

नमुना देण्याची तयारी

मूळ पातळी काढायची असेल तर आधीचे ३६ ते ४८ तास जोरदार सराव नको, हलका जॉग चालेल. शर्यतीनंतर किंवा तापानंतर निदान आठवडाभर थांबा, कारण फेरिटिन शरीरातल्या दाहाबरोबर वाढतं आणि लोह कमी असूनही आकडा चांगला दिसतो. सरावामुळे होणारा बदल महिन्यांच्या अंतराने बघायचा असेल तर प्रत्येक वेळी पाळीच्या चक्रातला तोच टप्पा निवडा. पाळी संपल्यानंतरचा आठवडा सोयीचा पडतो. लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका.

सकाळी ७ ते ९ ही वेळ ठरवून टाका आणि लॅब बदलू नका. सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) आणि फेरिटिनसाठी उपाशी असलं तरी पाणी प्यायचंच, उठल्यावर एक-दोन ग्लास. लॅबमध्ये पोचल्यावर १५ मिनिटं पाय जमिनीला टेकवून बसा. हे काटेकोर वाटेल, पण उभं राहिल्याने प्लाझ्मा पायांकडे झिरपतो आणि हिमोग्लोबिन वर जातं. डोपिंग नियंत्रणात ॲथलीट बायोलॉजिकल पासपोर्टसाठी (खेळाडूच्या रक्ताच्या आकड्यांची दीर्घकाळची नोंद) रक्त घेतानाही खेळाडूला आधी १० मिनिटं बसवतात, ते याचसाठी.

दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. शीर सापडेपर्यंत पट्टा तसाच आणि मुठीची उघडझाप चालू, असं झालं तर त्या हातातलं रक्त तिथल्या तिथे दाट होतं. 'पट्टा सोडून पुन्हा बांधा' असं सांगायला संकोच नको. जांभळ्या झाकणाची ट्यूब सीबीसीची, ती हलकेच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात. निळ्या झाकणाची सायट्रेटची ट्यूब फायब्रिनोजेनसाठी असते आणि ती खुणेपर्यंत भरली नाही तर निकाल चुकतो. शिबिरांत बोट टोचून हिमोग्लोबिन बघतात तेव्हा बोट पिळलं जातं, ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. त्या आकड्यावर औषध सुरू करू नये.

काय तपासायचं

सीबीसी, फेरिटिन आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) हे किमान त्रिकूट. पहिल्या खेपेला बी-१२ सुद्धा करा. पुण्यात शाकाहारी मुली पुष्कळ आणि बी-१२ची कमतरता दिसायला वेळ लागत नाही. रेटिक्युलोसाइट काउंट परवडत असेल तर जरूर, त्यातून अस्थिमज्जा नव्या पेशी बनवतेय का ते कळतं. पेशी फुटण्याची शंका असेल तर हॅप्टोग्लोबिन आणि एलडीएच.

व्हिस्कॉसिटी किंवा पेशींची लवचिकता नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही, त्याला संशोधनाची उपकरणं लागतात. ईएसआरला (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) पेशी चिकटण्याचं ढोबळ माप म्हणता येईल, पण ॲनिमियातही तो वाढतो, म्हणून खेळाडू मुलींमध्ये त्याच्यावर विसंबू नका.

ट्रॅकवरचा आधी-नंतरचा नमुना

हे प्रत्येकीने करायची गरज नाही. अकादमीत डॉक्टर आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ असतील आणि सरावाचा भार ठरवायचा असेल तरच. पहिला नमुना वॉर्मअपच्या आधी, १५ मिनिटं बसून. दुसरा शेवटचा रिपीट संपल्यावर ३ ते ५ मिनिटांत, बसवूनच. तिसरा २४ तासांनी, पुन्हा विश्रांतीत. दुसऱ्या नमुन्याला वीस मिनिटं उशीर झाला तर प्लाझ्मा परतायला लागलेला असतो आणि बदल निम्माच दिसतो. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे, की प्रत्येक ट्यूबवर वेळ मिनिटासह लिहायला लावा. सरावादरम्यान पाणी प्यायलं असेल तर किती, तेही लिहा.

प्लाझ्मा किती बदलला हे डिल आणि कॉस्टिल यांच्या १९७४च्या सूत्राने काढतात. आधीच्या हिमोग्लोबिनला नंतरच्या हिमोग्लोबिनने भागा. नंतरचं (१ वजा पीसीव्ही) भागिले आधीचं (१ वजा पीसीव्ही) काढा. दोन्हींचा गुणाकार करून त्यातून १ वजा करा आणि १०० ने गुणा. समजा, आधी हिमोग्लोबिन १२.८ आणि पीसीव्ही ३८.५, नंतर १४.० आणि ४२.०. मग १२.८ ÷ १४.० = ०.९१४. ०.५८० ÷ ०.६१५ = ०.९४३. गुणाकार ०.८६२, म्हणजे प्लाझ्मा सुमारे १३.८ टक्के घटला. हिमोग्लोबिन १.२ ने 'वाढलं', पण एकही नवी पेशी तयार झाली नाही.

एक बारकावा: बहुतेक मशीन पीसीव्ही थेट मोजत नाहीत, पेशींचा सरासरी आकार आणि संख्या यांच्यावरून काढतात. म्हणून आधीचा आणि नंतरचा नमुना एकाच मशीनवर, एकाच फेरीत लावायचा.

रिपोर्ट वाचताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने गरोदर नसलेल्या बायकांत हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. फेरिटिन निरोगी अवस्थेत १५ च्या खाली आणि संसर्ग किंवा दाह असेल तर ७० च्या खाली गेलं की लोहाची कमतरता (एकक मायक्रोग्रॅम प्रति लिटर; लॅबच्या कागदावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, आकडा तोच). खेळाडूंसोबत काम करणारे बरेच डॉक्टर ३० ते ३५ च्या खालीच सावध होतात आणि ते योग्यच आहे.

हिमोग्लोबिन ११.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८८, फेरिटिन ५५, सीआरपी नॉर्मल, आणि मुलगी सरावाच्या सर्वांत भारी आठवड्यात: बहुधा नुसतं पातळ झालेलं रक्त. हलक्या आठवड्यानंतर पुन्हा तपासा, लोह सुरू करू नका. हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन ९: कागदावर ॲनिमिया नाही, पण साठा संपलेला. थकवा आणि वेळ न सुधारणं इथूनच सुरू होतं आणि याच मुलीला 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मेहनत कमी पडतेय' असं ऐकावं लागतं. एमसीव्ही नॉर्मल पण आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) वाढलेला असेल तर लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असू शकतात. एकामुळे पेशी लहान, दुसऱ्यामुळे मोठ्या आणि सरासरी फसवी.

हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही ६६, तांबड्या पेशी ५.४ दशलक्ष, फेरिटिन ६०: ही लोहाची कमतरता नव्हे. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागा, १२.२ येतं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) शंका घेऊन एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करायची. सिंधी समाजात हे प्रमाण जास्त आहे, पिंपरीतल्या प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावं. फेरिटिन चांगलं असताना अशा मुलीला वर्षानुवर्षं लोह देणं चुकीचं. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांतून आलेल्या मुलींची हीच तपासणी सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषासाठी करावी.

पाणी आणि मीठ

लघवी करून, कोरड्या आणि कमी कपड्यांत सरावाआधी आणि नंतर वजन करा. ५२.० चं ५१.१ झालं आणि मध्ये ४०० मिलिलिटर पाणी प्यायलं, तर घाम १.३ लिटर. वजनातली घट २ टक्क्यांच्या आत राहावी, इथे ती १.७ आहे. घटीच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे १.१ ते १.३५ लिटर, पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्या. नुसतं पाणी लघवीवाटे निघून जातं. एक लिटरला सपाट अर्धा चमचा मीठ, सहा चमचे साखर आणि वर लिंबू पिळलं की काम होतं. एप्रिल-मेच्या उन्हाइतकंच ऑक्टोबर हीटमध्येही हे करायला हवं.

उलट चूकही धोक्याची. लांब शर्यतीत प्रत्येक टेबलावर पाणी पीत सुटलं आणि वजन वाढलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं. सावकाश पळणाऱ्या, कमी वजनाच्या मुलींना हा धोका जास्त. डोकं दुखणं, मळमळ, हातावरची अंगठी घट्ट होणं दिसलं तर पाणी थांबवा. गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं तर थेट रुग्णालय.

लोह कधी आणि कसं

कठीण सरावानंतर साधारण तीन ते सहा तासांनी हेपसिडिन हे लोह रोखणारं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह घेणं मंदावतं. म्हणून लोहाची वेळ सकाळची, सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत. पुण्यात याच अर्ध्या तासात अमृततुल्यचा कटिंग असतो आणि चहातले टॅनिन लोह अडवतात. चहा बंद करायला कोणी सांगत नाही, तासभर पुढे ढकला. पोह्यांवर लिंबू जास्त पिळा, सोबत पेरू किंवा आवळा ठेवा. बाजरीची भाकरी, मटकी, अळीव नियमित हवेत. पण फेरिटिन ९ असताना अळिवाच्या लाडवांवर भागत नाही, गोळी लागते.

डोस डॉक्टर ठरवतील. स्ट्रिपवर एलिमेंटल आयर्न, म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती ते बघा, कारण २०० मिलिग्रॅमच्या फेरस फ्युमरेटमध्ये खरं लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असतं. रोज दोनदा घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्याने प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं. दूध आणि कॅल्शियमपासून दोन तासांचं अंतर ठेवा. शी काळी होते, त्यात काही नाही. फेरिटिन ८ ते १२ आठवड्यांनी बघा. तेव्हाही हलत नसेल तर गोळ्या बदलत बसू नका, पाळीतला स्राव, पोट आणि सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) तपासा.

'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून टाका' हा सल्ला स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीला महागात पडू शकतो. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) नियमांनुसार १२ तासांत १०० मिलिलिटरहून जास्त द्रव शिरेतून घेणं प्रतिबंधित आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय निदानासाठीच्या तपासण्या यांना सूट आहे. शिरेतून लोह घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा की आपण खेळाडू आहोत, आणि कागद जपून ठेवा.

कधी थांबायचं

पाळी तीन महिने आली नाही तर 'बरं झालं' म्हणू नका, खाणं सरावाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते. लघवी लाल किंवा कोलासारखी झाली आणि दोन-तीन दिवसांत निवळली नाही तर तपासा, मात्र पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नका. गडद लघवीसोबत स्नायू सुजले, हात लावू देईनात, तर त्याच दिवशी सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) या तपासण्या करा. सिकलसेल वाहक मुलगी रिपीटमध्ये 'पायांत जीवच नाही' म्हणत खाली बसली तर ढोंग समजू नका. पळणं बंद, सावलीत आडवी, ऑक्सिजन आणि रुग्णवाहिका.

आणि गणपतीत किंवा स्पर्धेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नका. या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्त गोठण्याची शक्यता वाढते. त्यात शर्यतीत आटलेलं अंग आणि लगेच रात्रभराचा बसप्रवास आला तर ती आणखी वाढते. अशा प्रवासात दर दोन तासांनी उतरून चाला. दुसऱ्या दिवशी एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी (शिरेत गुठळी आहे का ते बघणारी) करून घ्या. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सोनोग्राफीसाठीही थांबू नका, सरळ तातडीच्या विभागात जा.